पेशींची पानगळ: ‘अपॉप्टोसिस’ या शब्दाची गोष्ट

आधी एक शब्द मोठ्याने म्हणून बघा: अपॉप्टोसिस. मीही कायम असाच म्हणत आलो. पण हा शब्द आणणाऱ्यांना त्यातला दुसरा ‘प’ मुका हवा होता. अ‍ॅपो-टोसिस, जोर ‘टो’वर. त्यांनी हे चक्क आपल्या पेपरच्या तळटीपेत लिहून ठेवलंय. जगाने फारसं ऐकलं नाही, ते सोडा.

गोष्ट सुरू होते जॉन केर या ऑस्ट्रेलियन पॅथॉलॉजिस्टपासून. (हो, केरच. गोष्ट साफसफाईची आणि आडनावही जुळलं!) १९६०च्या दशकात उंदरांच्या यकृतावर काम करताना त्यांना काही पेशी वेगळ्याच तऱ्हेने मरताना दिसल्या. नेहमीच्या मरणात, म्हणजे नेक्रोसिसमध्ये, पेशी फुगते, फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं आणि आजूबाजूला दाह होतो. ग्रीकमध्ये ‘नेक्रोस’ म्हणजे प्रेत. या पेशी मात्र आक्रसत होत्या, त्यांचे पाकीटबंद तुकडे होत होते आणि शेजारच्या पेशी ते गुपचूप गिळत होत्या. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर पहिला प्रकार म्हणजे क्रॅश. दुसरा म्हणजे फाइली बंद करून, मेमरी परत देऊन शिस्तीत थांबलेली प्रोसेस.

केरनी आधी नाव दिलं ‘श्रिंकेज नेक्रोसिस’. म्हणजे प्रेत होतंच, फक्त आक्रसलेलं. मला वाटतं, गाडी अडली ती इथे. असं मरण याआधीही दिसलं होतं. कार्ल फोग्ट यांनी १८४२मध्येच बेडकाच्या जातीतल्या एका प्राण्याच्या वाढीत पेशी नाहीशा होताना टिपल्या होत्या. पण त्यासाठी धड शब्दच नव्हता.

१९७१मध्ये केर स्कॉटलंडला अ‍ॅबरडीनला गेले. तिथे अ‍ॅलिस्टर करी आणि अँड्र्यू वायली यांच्यासोबत काम सुरू झालं. नाव सुचवलं मात्र तिथल्याच ग्रीकच्या प्राध्यापकांनी, जेम्स कॉर्मॅक यांनी. ऑगस्ट १९७२मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये ते छापून आलं. अर्थ: फुलाच्या पाकळ्या किंवा झाडाची पानं गळणं.

आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे ना, पानगळ! आणि नातं तेवढ्यावर थांबत नाही. ग्रीक ‘अ‍ॅपो’ आणि संस्कृत ‘अप’ ही सख्खी भावंडं. ‘टोसिस’मधला तो मुका ‘प्त’ आणि आपला ‘पत्’ धातू एकाच मुळाचे. ‘पतन’ त्यातूनच आलं आणि पान या अर्थाचं ‘पत्र’सुद्धा.

प्रेत म्हटलं की अपघात आठवतो, पानगळ म्हटलं की झाड. पान गळतं तेव्हा देठाशी तुटण्याची जागा झाडच तयार करतं. पेशींचंही तसंच. सी. एलिगन्स नावाचा एक मिलिमीटरचा जंत वाढताना १०९० पेशी बनवतो आणि त्यातल्या १३१ ठरल्याप्रमाणे मरतात. हे मरण जनुकं घडवतात, हे दाखवणाऱ्या कामाला २००२चं नोबेल मिळालं. कॅन्सरमध्ये बरेचदा नेमकं हेच बिघडतं: गळायला हवी ती पेशी गळतच नाही.

आणि आत्ता ज्या बोटाने स्क्रोल करताय ना, ते शेजारच्या बोटापासून सुटं झालं तेसुद्धा आईच्या पोटात, मधल्या पेशी गळाल्या म्हणून.

पुढच्या भागात मायटोकाँड्रिया. ग्रीकमध्ये धागा आणि दाणा. भेटू!