प्रौढ फिगर स्केटिंग प्रावीण्य चाचणी

प्रौढ फिगर स्केटिंग प्रावीण्य चाचणी ही प्रौढ स्केटरांचे बर्फावरील कौशल्य ठरावीक मापदंडांनुसार तपासणारी परीक्षा आहे. स्पर्धेत स्केटरची तुलना इतर स्केटरांशी होते, तर चाचणीत ती त्या पातळीच्या निश्चित अपेक्षेशी केली जाते. त्यामुळे येथे क्रमांक नसतात. 'उत्तीर्ण' किंवा 'पुन्हा प्रयत्न' एवढाच निकाल दिला जातो. ही पद्धत अमेरिकेच्या 'यू.एस. फिगर स्केटिंग' (स्थापना १९२१) या राष्ट्रीय संघटनेत विशेष विकसित झाली.

== पार्श्वभूमी ==
बर्फावर वर्तुळे व आठाच्या आकृत्या कोरण्याच्या प्रकारावरून या खेळाला 'फिगर' हे नाव मिळाले. १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून अनिवार्य आकृत्या वगळण्यात आल्या. अमेरिकेतील चाचण्यांत त्यांची जागा कडा, वळणे व पदन्यास यांच्या ठरावीक रचनांनी घेतली. प्रौढांची पहिली अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा १९९५ मध्ये डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे झाली.

== पातळ्या ==
पूर्व-कांस्य, कांस्य, रौप्य आणि सुवर्ण या मूळ चार पातळ्या आहेत. कौशल्य चाचणीत संगीताविना ठरावीक रचना कराव्या लागतात. मुक्त स्केटिंग चाचणीत उड्या, गिरक्या व पदन्यास तपासले जातात. त्या पातळीची कौशल्य चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय मुक्त स्केटिंगची चाचणी देता येत नाही. स्पर्धेतील गटही उत्तीर्ण पातळीवरून ठरतो.

== मूल्यमापन ==
सामान्यतः तीन परीक्षक स्वतंत्रपणे गुण देतात आणि बहुमताने निकाल लागतो. स्केटच्या पात्याला आतली व बाहेरची अशा दोन कडा असतात. स्केटर योग्य कडेवर स्थिर राहतो का, हे मुख्यतः पाहिले जाते. वळणापूर्वी कड बदलणे किंवा पाते सपाट पडणे हा दोष मानला जातो. याशिवाय जोर, चपळता, सलग प्रवाह, मोकळ्या पायाचा ताण व शरीराची ठेवण यांचा विचार होतो. एखादा भाग बिघडल्यास परीक्षक तो पुन्हा करून दाखवण्यास सांगू शकतात. गुणपत्रिकेवरील शेरे पुढील सरावासाठी उपयोगी पडतात.

पूर्वी गुण ६.० वर आधारित श्रेणीत दिले जात व प्रत्येक पातळीसाठी उत्तीर्ण सरासरी ठरलेली असे. नंतर उणे ३ ते अधिक ३ ही श्रेणी आली. तीत शून्य म्हणजे त्या पातळीला अपेक्षित दर्जा होय.

== प्रौढांसाठी वेगळा मापदंड ==
प्रौढ वयात सांध्यांची लवचिकता व पडल्यानंतर सावरण्याची क्षमता कमी होते. म्हणून प्रौढ चाचण्यांत वेग, जोर व कडेची खोली यांबाबतची अपेक्षा मुलांच्या वरच्या पातळ्यांहून मर्यादित असते. मात्र चुकीची कड वयामुळे बरोबर ठरत नाही. नेहमीच्या कौशल्य चाचण्या देणाऱ्या २१ व ५० वर्षांवरील स्केटरांसाठीही स्वतंत्र उत्तीर्ण-मर्यादा ठेवण्यात आल्या.

== भारतातील संदर्भ ==
शिमल्यात १९२० पासून नैसर्गिक बर्फाचे स्केटिंग मैदान आहे, तर देहरादून येथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांसाठी कृत्रिम बर्फाचे बंदिस्त मैदान बांधले गेले. वाशीमसह विदर्भाच्या उष्ण हवामानात नैसर्गिक बर्फावरील स्केटिंग शक्य नाही. महाराष्ट्रात चाकांच्या स्केटवरील स्केटिंग अधिक परिचित आहे. त्यातील 'आर्टिस्टिक स्केटिंग' या प्रकारातही कडा, वळणे, उड्या व गिरक्या यांचेच मूल्यमापन होते.