मापात पाप नको

दिवाळीच्या भाजणीला आमच्या घरी अजून आईच्या वेळचे मापटेच निघते. मोहन मापाबाहेर गेले की चकली तेलात विरते, हे आईचे ठाम मत. त्या मापट्याची आठवण मला परवा भलत्याच ठिकाणी झाली. मुंबईच्या मॅरेथॉनचे धावपटू मरीन ड्राइव्हवरून जात होते. माझ्या नातवाने विचारले, "आजोबा, हे बेचाळीस किलोमीटर मोजले कुणी?"

प्रश्न साधा, पण त्यामागे मोठा इतिहास आहे. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ही शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणापर्यंत झाली. ते अंतर भरले २६ मैल ३८५ यार्ड, आणि १९२१ साली तेच जगाने प्रमाण मानले. पण वळणावळणांच्या शहरात ते मोजायचे कसे? मोटारीच्या मापकावर भरवसा ठेवावा तर शेकडो यार्डांची चूक!

यावर अमेरिकेत झटला तो टेड कॉर्बिट. गुलामांचा हा नातू १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावला होता. इंग्लंडमधील सायकलीने मोजण्याची रीत अभ्यासून १९६४ साली त्याने त्यावर पुस्तिका लिहिली. रीत अशी : पोलादी टेपने मोजलेल्या सरळ रस्त्यावर सायकल चालवून चाकाचे फेरे नोंदवायचे, मग धावण्याच्या मार्गावर वळणाच्या अगदी कडेने, सर्वांत जवळच्या वाटेने जायचे, आणि पुन्हा त्या सरळ रस्त्यावर येऊन चाक तपासायचे, कारण उन्हाने टायर फुगतो. पुढे हजार मीटरला एक मीटर जास्त धरण्याचाही नियम आला.

एवढा काटेकोरपणा कशाला, असे कुणी म्हणेल. १९८१ साली न्यूयॉर्कला आल्बेर्तो सालाझारने २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांत शर्यत जिंकली. जागतिक विक्रम झाला, जयघोष झाला. पुढे मार्ग पुन्हा मोजला, तो सुमारे १४८ मीटर आखूड निघाला! त्याच्या वेगाने ते सत्तावीस सेकंद होतात. विक्रम मोडला होता सुमारे एकवीस सेकंदांनी. विक्रम गेला. धावणाऱ्याचा दोष काडीचा नव्हता. घाम त्याचा खराच होता. मापात पाप झाले, आणि प्रायश्चित्त त्याला पडले.

हे ऐकून नातवाने सायकलीच्या आरीला चिंधी बांधली आणि फेरे मोजत आमची गल्ली मोजली. दोनदा. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत. तो तिसऱ्यांदा निघाला, तेव्हा चकल्या निवत होत्या; पण मी त्याला हाक मारली नाही.