गोबरगॅस: टाकी कुणाची, घागर कुणाची?

गोबरगॅस आपल्याला सरकारी योजनेतून माहीत झाला, पण त्याची गोष्ट जुनी आहे. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्यापासून गॅस करून दिवे लावले होते. तो गॅस चुलीपर्यंत यायला मात्र पन्नासएक वर्षं गेली. १९५० नंतर जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टाकीचा घरगुती संच तयार केला. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने तो गावोगाव नेला. लोखंड गंजायचं, महाग पडायचं, म्हणून १९८४ मध्ये विटांच्या घुमटाचा स्वस्त ‘दीनबंधू’ आला.

टाकी बनवणाऱ्यांची नोंद झाली, रोज ती भरणारीची नाही. दोन घनमीटरच्या संचाला दिवसाला सुमारे ५० किलो शेण लागतं, आणि जवळपास तेवढंच पाणी. डोळ्यांतला धूर गेला, शेताला मळीचं खत मिळालं, पण डोक्यावरची घागर आणखी जड झाली. जनावरं विकली किंवा पाणी आटलं, की संच बंद पडतो.

म्हणून घरात संचाचं ठरत असेल, तर आपण आधी तीन प्रश्न विचारू: गुरं किती? पाणी किती लांब? आणि रोज शेण कालवणार कोण?