बिशप गालेन यांची फिर्याद

दुसऱ्याचा अपराध दिसला की बोलणं हे प्रेमाचंच काम, असं थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवलं. आपण आज त्याचं १९४१ सालचं रूप पाहू. जर्मनीत मनोरुग्णांना ठार मारलं जात होतं. म्युन्स्टरचे बिशप गालेन यांनी फिर्याद दिली आणि ३ ऑगस्टच्या प्रवचनात चक्क दंडसंहितेचं १३९वं कलम सांगितलं: खुनाचा बेत ठाऊक असून जो कळवत नाही, तो गुन्हेगार. तीन आठवड्यांत हिटलरने मोहीम थांबवली. छुप्या हत्या चालूच राहिल्या. गालेनना कोणी हात लावला नाही. त्यांची प्रवचनं पसरवणाऱ्या ल्युबेकच्या तीन कॅथलिक पाद्र्यांचा आणि एका ल्युथरन पाद्र्याचा मात्र १९४३मध्ये हॅम्बुर्गला शिरच्छेद झाला. आणि ज्यूंचा छळ? त्याविरुद्ध गालेन असे उघड बोलले नाहीत. आम्हाला ते खटकतं.