ऐतिहासिक घर विकणे आहे



शाळेत मला इतिहासातल्या सनावळ्या कधीच पाठ झाल्या नाहीत, हे आपल्या बाईंना चांगलं आठवत असेल. पुढे इंजिनिअरिंगला गेले, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली आणि वाटलं, सुटले. पण दोन वर्षांपूर्वी आम्ही अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात घर शोधायला लागलो आणि त्या सनावळ्या पुन्हा दारात येऊन उभ्या राहिल्या.

जाहिरात अशी होती: बोल्टन हिल भागातलं शंभर वर्षांहून जुनं ऐतिहासिक रो-हाऊस. तीन मजले, लाल विटा, संगमरवरी पायऱ्या. आत सगळ्या आधुनिक सोयी: सेंट्रल एसी, नवं स्वयंपाकघर, अडीच बाथरूम.

बाल्टिमोर हे रो-हाऊसचंच शहर. भिंतीला भिंत लावून बांधलेली अरुंद घरं, काही तर जेमतेम बारा फूट रुंदीची. विटा तिथल्याच मातीच्या. पायऱ्यांचा पांढरा संगमरवर शहराच्या उत्तरेकडच्या खाणीतला. वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध स्मारकस्तंभालाही त्या भागातला दगड वापरला आहे. बिल्डर घर विकायचे, पण जमीन बहुतेक वेळा ९९ वर्षांच्या, पुन्हा पुन्हा वाढवता येणाऱ्या भाडेपट्ट्याने द्यायचे. घर घेणाऱ्याने जमिनीची किंमत द्यायची नाही, फक्त ठरलेलं वार्षिक भाडं भरत राहायचं. त्यामुळे कारखान्यांत, गोदीत राबणाऱ्या कुटुंबांनाही स्वतःचं घर घेता आलं.

‘आधुनिक सोयीं’नाही सन असतोच. १९०४ च्या फेब्रुवारीत शहराचा मध्यभाग जळाला. दुसऱ्या शहरांतून बंब धावत आले, पण त्यांच्या होसपाइपचे जोड इथल्या नळांना बसेनात. दीड हजारांवर इमारती गेल्या. (सॉफ्टवेअरवाल्यांनो, स्टँडर्ड का लागतं ते विसरू नका!) त्या आगीनंतरच्या वर्षांत शहराने भूमिगत गटारांची योजना हाती घेतली. तोवर या देखण्या घरांचं सांडपाणी परसातल्या खड्ड्यांत जायचं. म्हणजे जाहिरातीतल्या अडीच बाथरूमची मुळं त्या काळात आहेत.

घर आवडलं. मग कागदपत्रं आली. त्यात शिशाच्या रंगाबद्दल इशारा देणारा फॉर्म होता. असा रंग मुलांच्या मेंदूला घातक. बाल्टिमोरने घराच्या आत तो वापरायला १९५१ मध्येच बंदी घातली, देशभर बंदी आली १९७८ मध्ये. त्याआधीचं घर विकताना हा फॉर्म द्यावाच लागतो. मी तो नीट वाचला, सही केली.

जुन्या दस्तांच्या प्रती मी हौसेने मागवल्या होत्या. त्यांतल्या १९२० च्या दशकातल्या एका कागदावर मी अडकले. गल्लीतल्या मालकांनी आपसात केलेला तो करार होता: हे घर कृष्णवर्णीय माणसाला विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. त्याबद्दल इशारा देणारा फॉर्म मात्र कुठे नव्हता.

मग मी मागे मागे शोधत गेले. १९१० मध्ये जॉर्ज मॅकमेकन हे येल विद्यापीठातून कायदा शिकलेले कृष्णवर्णीय वकील जवळच्याच मॅकला स्ट्रीटवर राहायला आले. गोऱ्या शेजाऱ्यांनी आरडाओरडा केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महापौरांनी एका वटहुकमावर सही केली: गोरे जास्त असतील त्या गल्लीत कृष्णवर्णीयांनी राहायला यायचं नाही आणि उलटही. अमेरिकेत अशा प्रकारचा हा पहिलाच कायदा, आणि इतर शहरांनी तो उचलला. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द ठरवले. मग लोकांनी तेच काम खाजगी करारांनी सुरू केलं. १९४८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की असे करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत. विक्रीत आणि भाड्यात भेदभाव करायला देशभर कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये.

त्या करारात आमच्यासारख्यांचा उल्लेख नव्हता. रागावणं सोपं होतं, आणि मी रागावलेही. पण त्या रात्री मला मंगळवार पेठेतला आमचा वाडा आठवला.

मी सातवीत होते. आपल्याच वर्गातल्या एका मुलीचे वडील बदली होऊन आले होते, खोली बघायला आले. आजोबांनी बसायला सांगितलं, चहा झाला, आडनाव विचारलं. मग म्हणाले, “खोली कालच दिली हो.” ती खोली दिवाळीपर्यंत रिकामीच होती. मी दारात उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. आजोबा प्रेमळ होते, मला सायकल त्यांनीच शिकवली. हेही तितकंच खरं.

हा लेख लिहिण्याआधी तिला फोन केला. म्हणाली, “आठवतंय ना. मी तुझ्याकडे अभ्यासाला यायचे तेव्हा त्या खोलीचं कुलूप दिसायचं गं.” मी माफी मागितली, तीस वर्षांनी. ती म्हणाली, “लिही, पण माझं नाव नको.”

बाल्टिमोरचा भेदभाव सही-शिक्क्यानिशी कागदावर आहे, म्हणून तो मला सापडला. आपल्याकडे राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता १९५० मध्येच नष्ट झाली होती. आमच्या वाड्यात कागदाची गरजच पडली नाही, आडनाव विचारणं पुरलं. भाडेपावत्यांच्या वहीत राहून गेलेल्यांची नावं आहेत. परत गेलेल्यांची नाहीत.

ते घर आम्ही घेतलं. त्या कराराची प्रत घराच्या फाइलमध्ये ठेवली आहे, मुलीलाही वाचायला दिली.

आपल्या पेठांतले वाडे आता एकेक करून पडताहेत, तिथे लिफ्टवाल्या इमारती येताहेत. येऊ देत, सोयी कुणाला नकोत! पण माळ्यावरची कागदांची बाडं रद्दीत जाण्याआधी एकदा उघडून बघा. आणि घरातली जुनी माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. खोली कुणाला दिली होती, हे ती आपणहून सांगतील. कुणाला दिली नाही, हे तुम्ही विचारा.