यमूची ओळख

बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, शिवनी व मंडला या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून निर्माण झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि भंडारा मुंबई राज्यात गेले. वैनगंगेकाठचा हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. सीमेपलीकडे पडलेल्या अशा मराठी घरांना जुन्या पुण्यातील माजघराची ओळख होते ती बहुधा पुस्तकातूनच. पण पुस्तकातून परके घर नुसते दिसते, की तेथील दुःखही वाचकाचे होते? या प्रश्नाचे मराठीतील एक ठळक उत्तर १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकात सापडते.

तो काळ वादांचा होता. विधवाविवाहास कायद्याची मान्यता १८५६ सालीच मिळाली होती; तरी ब्राह्मण घरांतून विधवांचे केशवपन चालूच होते. आगरकर 'सुधारका'तून त्यावर कोरडे ओढीत होते. १८९१ साली संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला, तेव्हा तर शास्त्रवचनांचे रणच माजले. जिच्यासाठी हे सारे चालले होते, तिचा आवाज मात्र त्या गदारोळात क्वचितच ऐकू येई.

'करमणूक'चे संपादक हरि नारायण आपटे तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते. त्यांनी आपल्या साप्ताहिकात 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः छापली आणि ती यमूच्या तोंडून सांगितली. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'ने १८५७ सालीच विधवांची दुःखे मांडली होती; पण तेथे कथेपेक्षा उपदेश बलवत्तर ठरला. आपट्यांची यमू उपदेश करीत नाही. ती भावाशी भांडते, आईच्या मायेत वाढते, मैत्रीण दुर्गी हिचा संसार नासलेला पाहते, सासरी बोलणी खाते आणि मुंबईस पतीसह थोडे मोकळे दिवस अनुभवते. आठवड्यामागून आठवडे वाचक तिच्या सहवासात राहतो. मग पती जातो, आणि शंकरमामंजींच्या पुढाकाराने तिच्यावर वपनाची सक्ती होते. वस्तरा लागतो तेव्हा वाचकासमोर 'एक विधवा' उरलेली नसते. लहानपणापासून जिला ओळखले ती यमू असते. युक्तिवादाला प्रत्युत्तर देता येते. या ओळखीला ते देता येत नाही. आपट्यांचा पाल्हाळ कधीकधी कंटाळवाणा होतो, हे खरे. पण या ओळखीला तो पाल्हाळच लागतो.

करुणा केवळ वाचनानेच जागते असे मात्र नव्हे. १८९० सालीच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने नाभिकांनी सभा भरवून विधवांचे वपन करण्यास नकार दिला होता. त्यांना ही कादंबरी वाचावी लागली नव्हती. ते दुःख त्यांच्या हाताखालीच होते. जे घराच्या ओसरीवर बसून शास्त्रार्थ करीत, त्यांना मात्र आतल्या खोलीतील हुंदका ऐकविण्यास गोष्ट लागली.

कादंबरी १८९३ साली पूर्ण झाली. त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, आणि मुरूड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे १८९६ साली कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. तेथे विधवांच्या शिक्षणाची सोय झाली.

यमूही आपली कहाणी लिहू शकली, ती पतीने तिला लिहावाचावयास शिकविले म्हणूनच.