पेशींना मिळणारे हुकूम



स्तनाच्या कर्करोगाचे नाव आपल्या घरांत अजूनही दबक्या आवाजात घेतले जाते. म्हणूनच हा रोग माणसाला कसकसा उमगत गेला, हे तुम्हांस ठाऊक असावे.

हजार वर्षांपूर्वी कॉर्डोबाचे थोर शल्यविशारद अबुल कासिम अल-झहरावी यांनी ‘अल-तसरीफ’ या ग्रंथात या रोगाविषयी लिहिले. लहान गाठ वेळीच कापून काढावी, पण जुनी व मोठी झालेली गाठ आपल्या हातून कधी बरी झाली नाही, अशी प्रांजळ कबुली त्यांनी दिली. पुढे कित्येक शतके वैद्यांजवळ सुरीखेरीज फारसे काही नव्हते.

१८९६ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी नवी वाट दाखविली. व्यालेल्या गाईचे अंडाशय काढल्यास ती दीर्घकाळ दूध देते, हे त्यांच्या वाचनात आले होते. म्हणजे स्तनाला दुरून कोणीतरी हुकूम देत असले पाहिजे! सुरीच्या आवाक्याबाहेर गेलेल्या एका रुग्ण स्त्रीचे अंडाशय त्यांनी काढले आणि तिच्या गाठी विरल्या. तोवर ‘हार्मोन’ हा शब्दही जन्मला नव्हता. तो १९०५ साली आला.

परंतु हा उपाय काहींनाच का लागू पडे? शिकागोचे एलवुड जेन्सन यांनी १९५० नंतरच्या दशकात त्याचे उत्तर शोधण्यास प्रारंभ केला. इस्ट्रोजेन हे हार्मोन पेशीतील एका खास प्रथिनाला, म्हणजे रिसेप्टरला, चिकटते. ही जोडी पेशीकेंद्रातील ठरावीक जनुके जागी करते आणि पेशी विभागू लागते. ज्या गाठीत हे रिसेप्टर आहेत तिलाच हार्मोनचा हुकूम पोचतो. सुमारे ७० टक्के गाठी अशा असतात.

हा हुकूम अडविणारे टॅमॉक्सिफेन १९६२ साली इंग्लंडमध्ये डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने बनविले. हेतू होता संततिनियमनाचा. तो फसला, पण पुढे हेच औषध असंख्य स्त्रियांना जीवदान देणारे ठरले. १९८७ साली डेनिस स्लेमन यांनी दाखविले की, काही गाठींत ‘हर-२’ जनुकाच्या प्रती फार वाढलेल्या असतात. मग पेशीच्या पृष्ठभागावर त्या रिसेप्टरांची गर्दी होते व ‘वाढ, वाढ’ हा हुकूम थांबतच नाही. त्यावरील ट्रॅस्टुझुमॅब या औषधाला १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

आज गाठीचा तुकडा तपासून, तिला कोणता हुकूम वाढवितो हे पाहूनच औषध ठरते. पण गाठ लाजेपोटी पदराआड राहिली, तर हे सारे ज्ञान व्यर्थ होय. मातांनो, भगिनींनो, गाठ लागताच सांगा. सर्वच गाठी कर्करोगाच्या नसतात. आणि पालकहो, विज्ञानाची आवड असलेल्या मुलीचे शिक्षण मॅट्रिकवर थांबवू नका. उद्याचे औषध कदाचित तिच्याच हातून घडायचे असेल.